स्पॅनिशमध्ये एम.ए. म्हणजे नेमकं काय शिकायचं? लेकीला 'नाही' म्हणण्याआधी हे वाचा

सांगोला : गेल्या महिन्यात डाळिंबाचे कॅरेट घेऊन मार्केटला गेलो होतो. लिलावाला वेळ होता म्हणून चहाच्या टपरीवर थांबलो. शेजारच्या गावचे एक ओळखीचे शेतकरी तिथं बसलेले. बातमीदार म्हटलं की लोक काहीही विचारतात. रेशनकार्डापासून रॉकेटपर्यंत. यांनी विचारलं ते मात्र पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं होतं.

"मालक, आमची पोरगी स्पॅनिशमधी एम.ए. करायचं म्हणतीया. तीन वर्षं झाली, आता चांगली बोलती की. बोलायला आल्यावर अजून दोन वर्षं त्यात काय शिकायचं? तुमच्या पुतणीनं बी तेच केलंय न्हवं?"

होय, माझ्या चुलत भावाची मुलगी दिल्लीत तेच शिकते. एम.ए.चं दुसरं वर्ष आहे. आणि इथं एक गोष्ट कबूल करायला पाहिजे. पाच वर्षांपूर्वी भावानं मला विचारलं होतं, पाठवू का. मी म्हटलं होतं, "कशाला? कृषीला घाल, नाहीतर नर्सिंगला घाल. परदेशी भाषा हे शहरातल्या लोकांचं काम." भावानं माझं ऐकलं नाही. गाभण गाय विकली आणि पोरीला रेल्वेत बसवलं. त्यामुळं टपरीवर मला पटकन उत्तर देता आलं नाही. घरी येऊन पुतणीला फोन लावला, दोन-तीन रात्री तिच्याशी बोललो, थोडं वाचलं. ते सगळं इथं मांडतोय. कारण बारावीनंतर असा विचार करणारी पोरं-पोरी आता आपल्या तालुक्यातही निघायला लागली आहेत, आणि घरातल्यांना काहीच माहिती नसते.

बोलायला येणं आणि भाषेचा अभ्यास, दोन वेगळ्या गोष्टी

सगळा घोटाळा इथंच होतो. आपल्याला वाटतं भाषा शिकणं म्हणजे बोलायला शिकणं. ते काम बी.ए.च्या तीन वर्षांत होतं, किंवा एखाद्या डिप्लोमातही बऱ्यापैकी होतं. एम.ए.ला वर्गात गेल्यावर कुणी "नमस्कार, माझं नाव अमुक" शिकवत नाही. पहिल्या दिवसापासून सगळं स्पॅनिशमध्ये चालतं. पुस्तकं स्पॅनिश, चर्चा स्पॅनिश, वीस-वीस पानांचे निबंध स्पॅनिश.

ट्रॅक्टर चालवणारा आणि ट्रॅक्टर खोलून बसवणारा यात फरक आहे ना, तसंच हे. एम.ए.मध्ये भाषा खोलतात.

साधारण दोन वाटा असतात. एक भाषाशास्त्राची, म्हणजे भाषा कशी चालते, कुठून आली, कशी बदलली. दुसरी साहित्याची, म्हणजे स्पेन आणि लॅटिन अमेरिकेतले लेखक, त्यांचा काळ, तिथला इतिहास. पहिल्या वर्षी दोन्हीचं थोडं थोडं आणि पुढं एकीकडं वळायचं, असं बहुतेक ठिकाणी असतं. शेवटी प्रबंध. अनुवादाचे पेपरही असतात.

आता ही भाषा किती मोठी, ते आधी सांगतो. स्पॅनिश ही जवळपास ५० कोटी लोकांची मातृभाषा आहे. वीसएक देशांत ती राजभाषा आहे. स्पेन तर आहेच, पण मेक्सिको, कोलंबिया, पेरू, चिली, अर्जेंटिना, क्युबा अशी मोठी रांग आहे. आफ्रिकेतही इक्वेटोरियल गिनी नावाचा एक छोटा देश आहे, तिथंही हीच. अमेरिकेत घरी स्पॅनिश बोलणारे चार कोटींच्या वर आहेत. ब्राझील मात्र यात धरू नका, तिथं पोर्तुगीज चालते.

मराठी माणसाला ही भाषा का जमते

पुतणी म्हणाली, "नाना, इंग्रजीपेक्षा मला स्पॅनिश सोपी गेली." मला आधी खरं वाटलं नाही. मग तिनं उदाहरणं दिली.

आपण म्हणतो, "मला आंबा आवडतो." यात आवडण्याचं काम कोण करतंय? वाक्य नीट बघा. 'आवडतो' हे क्रियापद आंब्याप्रमाणं चालतं. आंबा आवडतो, चिंच आवडते, बोरं आवडतात. 'मला' नुसतं बाजूला उभं. इंग्रजीत असं नाही, तिथं 'मी' कर्ता होतो. स्पॅनिशमध्ये मात्र हुबेहूब आपल्यासारखं आहे. 'मे गुस्ता एल मांगो.' मे म्हणजे मला, गुस्ता म्हणजे आवडतो, एल मांगो म्हणजे आंबा. आंबे झाले की गुस्ताचं गुस्तान होतं. इंग्रजी शाळेतली पोरं याच ठिकाणी अडखळतात आणि आपली सोलापूरची पोरगी सरळ पुढं जाते.

दुसरं तर मला फारच आवडलं. आपण "घर बघतो" म्हणतो, पण "भावाला बघतो" म्हणतो. घराला 'ला' लावत नाही, माणसाला लावतो. स्पॅनिशमध्ये या 'ला'च्या जागी एक छोटा 'आ' येतो. 'वेओ ला कासा', घर बघतो. 'वेओ आ मि एर्मानो', माझ्या भावाला बघतो. आणि जनावरांचं काय? तिथं गंमत आहे. कुत्रा पाळायला हवा म्हणून शोधताय, तर 'आ' नाही. स्वतःचा हरवलेला कुत्रा शोधताय, तर 'आ' लागतो. आपण तरी वेगळं काय करतो? बाजारात बैल बघायला जातो. आणि आजारी पडलेल्या आपल्या बैलाला बघायला डॉक्टरला बोलावतो. जवळचं झालं की जनावरही माणसात जमा.

अशा एका अक्षरावर भाषाशास्त्रात चिक्कार संशोधन झालेलं आहे. हा 'आ' कधी लागतो, कधी गळतो, जुन्या स्पॅनिशमध्ये किती होता, मेक्सिकोत किती आहे. हिंदीचा 'को' आणि स्पॅनिशचा 'आ' यांची तुलना करणारे लोक आहेत. पुतणीचा प्रबंध याच गोष्टीवर आहे, मराठीचा 'ला' घेऊन. म्हणजे आपण रोज गोठ्यात जे बोलतो, त्यावर पोरगी दिल्लीत पन्नास-साठ पानं लिहिते आहे. खरं सांगायचं तर मला आधी हसू आलं. मग वाटलं, द्राक्षाच्या काडीतल्या एका डोळ्यावर आपण चार दिवस चर्चा करतो, मग हे का नको?

तिसरं उदाहरण धंद्याच्या कामाचं. 'आहे' यासाठी स्पॅनिशमध्ये दोन क्रियापदं आहेत, सेर आणि एस्तार. 'एल मांगो एस बेर्दे' म्हटलं तर आंबा रंगानं हिरवा. 'एल मांगो एस्ता बेर्दे' म्हटलं तर आंबा अजून कच्चा. शब्द सगळे तेच, नुसतं क्रियापद बदललं. आता विचार करा, एखाद्या व्यापाऱ्यानं मालाबद्दल पत्र पाठवलं आणि वाचणाऱ्यानं हा फरक खाल्ला, तर कच्च्या मालाची तक्रार आली आहे हे कळणारच नाही. मोबाईलवरचं भाषांतर पुष्कळदा बरोबर येतं, पण चुकलं तर ते चुकलं हे सांगणारा माणूस लागतोच.

मानपानही आहे. आपलं तू आणि तुम्ही, तसं त्यांचं तू आणि उस्तेद. उस्तेद हा शब्द आला 'बुएस्त्रा मेर्सेद' यावरून, म्हणजे 'आपली कृपा'. म्हणून म्हणून झिजला आणि एवढाच राहिला. अर्जेंटिनात तर 'तू'च्या जागी 'बोस' म्हणतात. एकाच भाषेत कुणाला काय म्हणायचं हे देशागणिक बदलतं. आपल्याकडं सोलापुरात ज्याला प्रेमानं हाक मारली, तो पुण्यात गेला की चिडतो, तसं.

अवघड काय? क्रियापदांची रूपं भयंकर आहेत. इच्छा, शंका, विनंती असलं काही बोलायचं झालं की क्रियापद वेगळाच अवतार घेतं. पुतणी म्हणते त्यात वर्ष गेलं. आणि प्रत्येक देशाचा उच्चार निराळा. क्युबाचा माणूस शब्दातला शेवटचा 'स' खाऊन टाकतो.

पाट, रहाट आणि साखर

एम.ए.ला 'भाषेचा इतिहास' असा एक पेपर असतो. तो मला शेतकरी म्हणून सगळ्यात जवळचा वाटला.

स्पॅनिश ही लॅटिनची लेक. पण इ.स. ७११ मध्ये अरब आणि बर्बर फौजा स्पेनमध्ये उतरल्या आणि त्यांचं शेवटचं राज्य, ग्रानादा, पडलं ते १४९२ मध्ये. आठशे वर्षांच्या आसपासचा काळ. त्यांनी कोरड्या मुलखात पाणी खेळवलं, त्यामुळं पाण्याचे शब्द अरबीतून आले. पाटाला स्पॅनिशमध्ये आसेकिया, रहाटाला नोरिया, बंधाऱ्याला आसुद, पाण्याच्या टाक्याला अल्खीबे. चारही मूळ अरबी. कोणत्या शब्दाचं मूळ कुठं आहे यावरून कोणती विद्या कुणाकडून आली ते कळतं. कागदपत्रं जळाली तरी शब्द राहतात.

साखरेला तिथं आसुकार म्हणतात. तो शब्द अरबीतून, अरबीत फारसीतून, आणि फारसीच्याही मागं आपलं संस्कृत 'शर्करा'. म्हणजे आपली साखर आणि त्यांची आसुकार एकाच घरच्या. संत्र्याला नारांखा, त्याचं मूळ आपल्याकडच्या नारिंगातच आहे. आणि डाळिंबाला काय म्हणतात माहीत आहे? ग्रानादा. जे शहर १४९२ ला पडलं त्याचं नाव तेच, आणि शहराच्या निशाणीत डाळिंबच आहे. ही बातमी मी मार्केटला आडत्याला सांगितली, तर तो म्हणाला तिथं आपला माल जातो का बघा.

पाण्यावरून आठवलं. स्पेनमध्ये व्हॅलेन्सिया शहरात शेतीच्या पाण्याचं एक न्यायालय आहे. दर गुरुवारी दुपारी १२ वाजता तिथल्या मोठ्या चर्चच्या दारात भरतं. न्यायाधीश कोण, तर वेगवेगळ्या पाटांवरच्या शेतकऱ्यांनी निवडून दिलेले शेतकरीच. काळे अंगरखे घालून गोल बसतात. वकील नाही, बाजू तोंडी मांडायची, निकाल तिथल्या तिथं. कुणी पाळी सोडून पाणी घेतलं, कुणी पाट साफ केला नाही, असले खटले. शेकडो वर्षं चालू आहे, २००९ मध्ये युनेस्कोनं त्याला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. आणि भाषेच्या विद्यार्थ्याला यात आणखी एक गोष्ट दिसते. तिथलं कामकाज स्पॅनिशमध्ये नाही, तिथल्या व्हॅलेन्सियन भाषेत चालतं. स्पेन म्हणजे सगळी स्पॅनिश असं नाही. कातालान, गालिसियन, बास्क अशा दुसऱ्याही भाषा तिथं आहेत, आणि कुणाची भाषा कचेरीत चालावी यावर तिथंही भांडणं झाली आहेत.

टेंभूच्या पाण्याच्या पाळीवरून आपल्याकडं जे होतं ते आठवून मी दोन मिनिटं गप्प बसलो.

आता मराठीचा धागा. आपल्याकडं स्पॅनिश लोक आले नाहीत, पोर्तुगीज आले. पण दोन्ही भाषा बहिणी. कुलपाची चावी घ्या. हा शब्द पोर्तुगीज 'चावे' वरून आलेला. स्पॅनिशमध्ये किल्लीला 'याबे'. दोघींची आई लॅटिनमधली 'क्लाविस'. लॅटिनमध्ये शब्दाच्या सुरुवातीला 'क्ल' असेल तर पोर्तुगीजमध्ये त्याचा 'च' झाला आणि स्पॅनिशमध्ये 'य'च्या जवळचा उच्चार झाला. एकदा नाही, कितीतरी शब्दांत असंच. हा नियम एकदा कळला की दुसरी भाषा अर्धी आपोआप वाचता येते. पावाचं तसंच. पोर्तुगीज 'पांव' आपल्याकडं पाव झाला, स्पॅनिशमध्ये तो 'पान'.

टोमॅटो शब्द तर मेक्सिकोच्या आदिवासींच्या नाहुआत्ल भाषेतला. त्यांचा 'तोमात्ल', स्पॅनिश लोकांनी 'तोमाते' केला आणि जगभर नेला. मिरची, मका, भुईमूग, बटाटा, तंबाखू ही सगळी पिकं तिकडचीच. आपल्या माळरानावर जो फड्या निवडुंग आहे तोही तिकडचाच. मेक्सिकोच्या झेंड्यावर गरुड बसलाय तो याच निवडुंगावर, आणि तिथं त्याची कोवळी पानं काटे काढून भाजी करून खातात. दुष्काळात आपण तो जाळून काटे घालवून जनावरांना घालतो.

गोष्टी वाचून काय मिळतं?

माझा सगळ्यात मोठा आक्षेप साहित्यावर होता. भाषा ठीक आहे, पण कादंबऱ्या वाचायला एवढा खर्च?

यादी मोठी असते. मध्ययुगातल्या वीरकाव्यापासून सुरुवात. ती जुनी स्पॅनिश आजच्या माणसाला तशीच कठीण, जशी आपल्याला ज्ञानेश्वरीची मराठी. मग सेर्वांतेसची 'दोन किखोते', पहिला भाग १६०५ चा, दुसरा १६१५ चा. पुस्तकं वाचून डोकं फिरलेला एक म्हातारा आणि त्याच्याबरोबर फिरणारा शेतकरी सांचो. मग थेट विसाव्या शतकातली लॅटिन अमेरिका. चिलीच्या गाब्रिएला मिस्त्राल, डोंगरातल्या खोऱ्यातून आलेल्या शाळामास्तरीण, १९४५ ला नोबेल. लॅटिन अमेरिकेतलं साहित्याचं ते पहिलं. पाब्लो नेरुदा १९७१, कोलंबियाचे गार्सिया मार्केस १९८२, मेक्सिकोचे ओक्ताव्हियो पास १९९०. हे पास १९६२ पासून भारतात मेक्सिकोचे राजदूत होते. १९६८ मध्ये मेक्सिको शहरात सरकारनं विद्यार्थ्यांवर गोळ्या चालवल्या, तेव्हा यांनी निषेध म्हणून पद सोडलं. आपल्या रवींद्रनाथांची पुस्तकं स्पॅनिशमध्ये नेली ती सेनोबिया काम्प्रुबी आणि तिचा नवरा ख्वान रामोन खिमेनेस यांनी. खिमेनेस यांनाही पुढं १९५६ ला नोबेल मिळालं.

नावं झाली. पण माझा आक्षेप गेला तो एका गोष्टीनं. मेक्सिकोचा ख्वान रुल्फो नावाचा लेखक. आयुष्यात फार थोडं लिहिलं. १९५३ मध्ये त्याचा गोष्टींचा संग्रह आला, त्यात एक गोष्ट आहे, नावाचा अर्थ 'त्यांनी आम्हाला जमीन दिली'. पुतणीनं ती मला फोनवर मराठीत सांगितली. मेक्सिकोत १९१० ला क्रांती झाली, १९१७ च्या राज्यघटनेत जमीनवाटपाची तरतूद आली. त्यात या गोष्टीतल्या शेतकऱ्यांच्या वाट्याला जी जमीन आली ती म्हणजे निव्वळ कडक, उघडं माळरान. पाण्याचा थेंब नाही, झाड नाही. नदीकाठची चांगली जमीन दुसऱ्यांकडं. ते सांगतात, साहेब, इथं नांगर शिरत नाही. साहेब म्हणतो, काय ते लेखी द्या. चार माणसं त्या माळावरून चालत राहतात. एकाच्या कोटात कोंबडी आहे.

मी विचारलं, "मग पुढं?" ती म्हणाली, "नाना, पुढं काही नाही. चालतात."

आमच्या आज्याला सिलिंगच्या वाटपात जो तुकडा मिळाला होता तो मला माहीत आहे. अजून तिथं कुळीथसुद्धा धड येत नाही. सातासमुद्रापलीकडच्या माणसानं तो तुकडा बघितला होता की काय असं वाटलं. आणि ही गोष्ट एम.ए.च्या वर्गात नुसती वाचत नाहीत. जमीनवाटपाचा कायदा काय होता, मेक्सिकोतलं सामाईक जमिनीचं 'एखिदो' म्हणजे काय, लेखकानं शेतकऱ्याची बोलीभाषा का वापरली, कोंबडी का आणली, हे सगळं उकलून लिहायचं असतं. हे काम सोपं नाही, आणि रिकामपणाचंही नाही.

कुठं, कसं आणि किती खर्च

आता कामाचं. बारावीनंतर शून्यापासून सुरू करता येतं, आधी स्पॅनिश यायलाच पाहिजे असं नाही. दिल्लीत जेएनयू आणि दिल्ली विद्यापीठ, दोन्हीकडं स्पॅनिशची बी.ए. ऑनर्स आहे आणि पुढं एम.ए.ही आहे. दिल्ली विद्यापीठात एम.ए.ला हिस्पॅनिक स्टडीज म्हणतात. हैदराबादला इफ्लू, म्हणजे इंग्रजी आणि परदेशी भाषांचं केंद्रीय विद्यापीठ. दिल्लीतल्या या दोन ठिकाणी पदवीचा प्रवेश सीयूईटी या सामायिक परीक्षेतून होतो. हैदराबादची जाहिरात वेगळी बघावी. फॉर्मची तारीख दरवर्षी पुढं-मागं होते. आपल्याकडं दर साली एक-दोन पोरं तारीख गेल्यावर फोन करतात, म्हणून बारावीची परीक्षा होण्याआधीच वेबसाईट बघत जा.

जवळचं म्हणाल तर पुण्यात फर्ग्युसन रोडला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परदेशी भाषा विभाग आहे, तिथं दुसरी पदवी करता करता भाषेचे कोर्स करता येतात. गोव्याच्या विद्यापीठात पोर्तुगीजची एम.ए. आहे, ती वेगळी भाषा, पण कोकणाकडच्यांना माहीत असावं.

केंद्रीय विद्यापीठांत शिकवणीची फी फार नाही. जेएनयूत तर फारच कमी. पैसा जातो तो राहण्या-खाण्यात. हॉस्टेल मिळालं तर शेतकऱ्याला झेपतं, नाही मिळालं तर दिल्लीत खोलीभाडं कंबर मोडतं. भावाचं पहिलं सहामाही हॉस्टेलशिवाय गेलं, ती गाय त्यातच गेली.

परदेशातही वाट आहे. स्पेनमध्ये मास्टर्स बहुतेक एका वर्षाची, ६० क्रेडिटची असते, पण भाषेची पातळी बी-२ किंवा सी-१ मागतात. त्यासाठी डेले नावाची परीक्षा आहे. ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पायऱ्या. एकदा पास झाली की प्रमाणपत्राला मुदत नाही. ही परीक्षा स्पेन सरकारच्या इन्स्तितूतो सेर्वांतेसकडून होते, त्यांचं दिल्लीतलं केंद्र २००९ पासून आहे.

अमेरिकेची गोष्ट वेगळी आहे आणि ती मला माहीत नव्हती. तिथल्या मोठ्या विद्यापीठांत स्पॅनिश विभागात एम.ए., पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्यालाच पदवीच्या पोरांचे पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे स्पॅनिशचे वर्ग शिकवायला देतात. त्या बदल्यात फी माफ आणि महिन्याला खर्चापुरते पैसे. सगळ्यांना मिळत नाही, पीएच.डी.ला जास्त मिळतं, एम.ए.ला कमी. अर्जाबरोबर स्पॅनिशमध्ये लिहिलेला एक अभ्यासपूर्ण निबंध आणि शिक्षकांची शिफारसपत्रं लागतात. पीएच.डी. पाच-सहा वर्षं चालते, आणि मध्ये एक मोठी परीक्षा असते, पुस्तकांची लांबलचक यादी वाचून द्यायची. पुतणीच्या डोक्यात तेच आहे. भावाला अजून सांगितलेलं नाही, म्हणून हे वाक्य त्यानं वाचू नये.

पोट भरतं का?

भरतं, पण सगळ्यांचं सारखं नाही. हे स्पष्ट लिहितो, कारण इथं फसवणूक होते.

पुण्या-मुंबई-बंगळुरूत परदेशी ग्राहकांशी बोलायच्या, कागदपत्रं तपासायच्या नोकऱ्या आहेत. त्यात भाषा येणाऱ्याला बाकीच्यांपेक्षा जास्त पगार मिळतो. पुण्याच्या बजाजच्या मोटरसायकली कोलंबिया, मेक्सिकोत विकल्या जातात. आपली औषधं लॅटिन अमेरिकेत जातात, आणि तिथं औषध विकायचं तर कागद स्पॅनिशमध्ये लागतात. दुभाषी, अनुवादक, शाळेत भाषाशिक्षक, हे आहेच. कॉलेजात प्राध्यापक व्हायचं तर नेट परीक्षेत स्पॅनिश हा विषय आहे, पण जागा थोड्या निघतात. द्राक्ष-डाळिंबाच्या निर्यातीत तर मला उघड दिसतं. युरोपच्या बाजारात नाशिकच्या द्राक्षासमोर चिली आणि पेरूचा माल उभा असतो. त्यांच्या शेतीबद्दल तिथली वर्तमानपत्रं काय लिहितात, छाटणी कधी, नुकसान किती, हे आपल्याला इंग्रजीत चार हातांतून कळतं. थेट वाचणारं माणूस आपल्या एकाही उत्पादक संघात मी अजून बघितलेलं नाही.

पण नुसत्या नोकरीसाठी एम.ए. लागतेच असं नाही. फोनवर बोलायच्या कामाला बी-२ पातळी आणि बी.ए. पुरते. ज्याला शिकवायचं आहे, संशोधन करायचं आहे, पुस्तकांचा अनुवाद करायचा आहे, त्यानं एम.ए. करावी. मशीनच्या भाषांतरानं साध्या अनुवादाचं काम कमी होत चाललंय, तेही पुतणीनंच सांगितलं, लपवलं नाही.

आणि खासगी क्लासपासून जपा. आमच्याच भागातल्या एका मुलानं शहरात 'सहा महिन्यांत स्पॅनिश, शंभर टक्के जॉब' अशी जाहिरात बघून आगाऊ फी भरली. तीन महिन्यांत बॅच बंद झाली, पैसे परत नाहीत. कुठलाही क्लास घेण्याआधी एवढंच विचारा, तुमची पोरं डेलेची कोणती पातळी पास झाली? उत्तर गोलमोल आलं तर उठून या.

परवा ते टपरीवरचे शेतकरी परत भेटले. जे कळलं ते सांगितलं. खर्चाचा आकडा त्यांनी दोनदा विचारला, बाकी सगळं मान हलवत ऐकलं. रुल्फोची गोष्टही सांगितली. ते म्हणाले, "ही गोष्ट पोरीनं मला कधी सांगितली न्हाय." मी म्हटलं, तुम्ही कधी विचारली होती का?

त्यांनी तिथंच तिला फोन लावला. स्पीकर चालू करायला येत नव्हता, मी करून दिला. एम.ए.चं काही बोललेच नाहीत. म्हणाले, "ती जमिनीची गोष्ट हाय बघ, कोंबडीवाली. ती सांग."